शैला घरीच असते

फोन शैलाच्या नवऱ्याचा होता. "ताई, शैला गेली," एवढंच प्रकाश बोलले. कावीळ तिने अंगावर काढली होती. शहापूरला दवाखान्यात भेटले तेव्हा हसून म्हणाली होती, "दोनचार दिसांत सोडतील गो." मी फोन ठेवला आणि पुन्हा वालाच्या शेंगा सोलायला बसले. बऱ्याच वेळाने पाहिलं, तर सालं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात टाकत होते.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी सरकारी पाहणीच्या हंगामी कामावर होतो. मुरबाड-शहापूरच्या वाड्यावस्त्यांवर किती बायकांना काम आहे, किती बायका शोधूनही बेकार आहेत, हे दारोदार विचारायचं. जी काम शोधत नाही ती बेकार धरायची नाही, असा नियम. आता आमच्याकडची कुठली बाई चारचौघांत म्हणेल, की मी काम शोधते? सासू नाहीतर नवरा पुढे होऊन सांगणार, "ती घरीच असते." आणि तीच बाई सकाळी कमरेला विळा खोचून धसईच्या नाक्यावर उभी, कुणी कापणीला नेतं का बघत. ओळखीचं भेटलं की म्हणायची, "बाजाराला आले." घरात खायला नाही असा बोभाटा नको ना व्हायला...

शैला धसईचीच, तिला हे सगळं ठाऊक होतं. तरी सुरुवातीला चुकलीच. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत तिने एका सुनेला ओटीवर, सगळ्यांदेखत विचारलं, "काम मिळत नाही का?" सून बिचारी हो म्हणाली. पुढच्या फेरीला गेलो तर सासू म्हणाली, "तुमच्यापुढं आमची लाज काढली तिनं. दिली माहेरी धाडून." शैला परतीच्या वाटेवर रडत होती. त्यानंतर तिने ओटीवर कुणाला हा प्रश्न विचारला नाही. पाणवठ्यावर जायची, पदर खोचून चिखलात उतरायची आणि रोपं लावता लावता हळूच विचारायची. पाहणीचे साहेब वैतागायचे, "बाई, तुम्ही पाहणीला येता की लावणीला?" ही म्हणायची, "लावणीलाच सायेब. मधीमधी पाहणी करते." बायका तिच्याशी खरं बोलायच्या.

पुढे ते काम बंद झालं. मला अंगणवाडीत नोकरी लागली, तिला कुठेच नाही. शाळांत विचारून झालं, मुरबाडच्या कारखान्यांच्या गेटवर उभं राहून झालं. कुणी विचारलं तर म्हणायची, "काय नाय गो, आराम चाललाय."

मग एके वर्षी म्हसा गावच्या जत्रेत भेटली तेव्हा तिने सांगितलं, की पाहणीवाली मुलगी तिच्याच घरी आली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "सून घरीच असते."

"मग तू काय बोललीस?" मी विचारलं.

"चहा दिला तिला." समोरच्या दुकानातलं एक घोंगडं ती चाचपू लागली. "बोलायचं होतं गो. पण घरातली सगळी समोर बसलेली... जीभच नाय उचलली."

साहेबांना तोंडावर उत्तर देणारी माझी शैला! तिला बाजूला घेऊन विचारणारं कुणी आलंच नाही.

दिवसकार्य झाल्यावर काही दिवसांनी सकाळीच मी तिच्या घरी गेले. घर रस्त्यालगत, ओटीवरून एसटी दिसते. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "सून काम मागत फिरते, असं त्या पाहणीवाल्या परक्या पोरीला कसं सांगू? पण मला दिसत होतं गो. कामं आवरली की धुतलेली साडी नेसून, खांद्याला पर्स लावून इथं बसायची. रोज. डायवर गाडी हळू करायचा, ही हातानं जा म्हणायची. मग आत जाऊन साडी बदलायची." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मी कधी विचारलं नाय, कुठं जायचंय."

मला हे काहीच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने मलाही सांगितलं नाही.

तेवढ्यात मुरबाडकडे जाणारी गाडी आली आणि दारापुढे हळू झाली. ड्रायव्हरने ओटीकडे पाहिलं. सासूबाई खांबाला धरून उठल्या आणि हातानेच त्याला म्हणाल्या, जा.