एवढ्या खिडक्या पुसतं कोण?

मी घडलो तो शाळेतल्या गायकवाड बाईंमुळे.

आज ब्रिस्टलच्या संग्रहालयात जुने फोटो नोंदवताना कुबट कागदाचा वास आला आणि त्यांचा तास आठवला. बाईंनी फळ्यावर इंग्लंडमधल्या हवेलीचं, असाच कुबट वास येणारं जुनं चित्र टांगलं होतं.

"बाई, एवढ्या खिडक्या पुसतं कोण?" मी विचारलं.

"तुझी आई!" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला. आई खरंच धुणीभांडी करायची.

बाई हसल्या नाहीत. "चांगला प्रश्न आहे. उत्तर मलाही माहीत नाही. तू शोध."

माझी लाज झाकायला त्या तसं म्हणाल्या, असं तेव्हा वाटलं. आज अशाच एका हवेलीच्या फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेली मोलकरणींची नावं दिसली. लगेच पत्र लिहिलं:

"बाई, खिडक्या पुसणाऱ्या सापडल्या. एलन, मेरी आणि रोज. मालकाच्या नावाशेजारी त्यांचीही नावं नोंदवली. आईला एवढं वाचून दाखवाल?"