खळ्याच्या काठावरचे बूट

वलगावकडच्या आमच्या शेतात खळ्यावर पायताण घालून कोणी जात नसे. ज्वारीची मळणी होणारी ती जागा, शेणाने सारवलेली. खुद्द कमिशनर आला असता तरी आजोबांनी त्याला बांधावरच जोडे काढायला लावले असते. कमिशनर काही आला नाही. आले ते माझे वडील, दूर अरबांच्या मुलखातल्या बसऱ्याहून, पलटणीचे बूट घालून.

सरकारने त्यांना तिकडे पलटणीची खेचरं हाकायला नेलं होतं. तुर्कांशी लढाई संपली, पण मुलूख सोडवायला आलो म्हणणारे इंग्रज तिथेच ठाण मांडून बसले. मग तिथले अरब शेतकरी उठले. आम्हा वऱ्हाडच्या लोकांना त्यात नवल ते काय? आमचा मुलूख कागदावर निजामाचा, बांधलेला मध्य प्रांताला, आणि शेतसारा वसूल करणार इंग्रज. सांभाळायला म्हणून घ्यायचं आणि परत द्यायचं नाही, ही त्यांची खोड आम्हाला जुनीच ठाऊक होती.

वडील आले तेव्हा माघ होता आणि खळ्यावर ज्वारीची रास तयार होती. राशीची पूजा झाली की धान्य मोजायची पहिली पायली घरच्या थोरल्या मुलाने भरायची, अशी आमची रीत. आजोबांनी त्यांच्यासाठी रास तशीच ठेवली होती. पण वडील बांधावर बूट घालून उभे राहिले, खाली उतरेनात. साहेब झाला म्हणून लोक हसले. आजोबा हसले नाहीत. पायली भरणार नसशील तर या घरचा थोरला तू नव्हेस, शेत धाकट्याच्या नावे करतो, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं. आणि ते बोलले की करत.

तेव्हा वडिलांनी सांगितलं. उठाव मोडायला गावंच्या गावं जाळायचा हुकूम होता. एका गावात त्यांच्या हाती पलिता दिला. समोर गव्हाचं खळं होतं. वडिलांनी काठावर बूट काढले. हात हुकमाचे होते, पाय घरचे. मग अनवाणी आत जाऊन त्यांनी रास पेटवली. खळ्याचा मालक म्हातारा होता. तरुणपणी घोडे विकायला मुंबईला येत असे, म्हणून मोडकं हिंदुस्थानी बोलायचा. त्याने शिवीगाळ केली नाही. बुटांकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, "जूते उतारता है, मतलब जानता है. फिर भी?"

"त्याले काय सांगू बा?" वडील आजोबांना म्हणाले. "हुकूम होता, एवढंच तोंडात आलं. तेही बोललो नाही."

आजोबा खाली बसले. शेताची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मग पायली कोणी भरायची, असं त्यांनी थकल्या आवाजात विचारलं. वडिलांनी आईशेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"पोरीले भरू द्या. तिचे हात कोरे हायेत."

बाईमाणसाने रास मोजायची आमच्यात पद्धत नव्हती. लोक कुजबुजले. आजोबांनी पायली माझ्या हातात दिली. पहिल्या पायलीला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. मी भरली आणि "लाभ" म्हणाले. बांधावर वडील तोंड झाकून रडत होते. मलाही रडू आलं. इंग्रजांचा मला फार राग आला. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी थोडा वडिलांचाही आला होता.

पुढे लग्न होऊन मी अकोल्याला गेले, तरी राशीला मला बोलावणं येई. वडील बूट घालून बांधावर थांबत. आजोबा गेल्यावरही ते खळ्यात उतरले नाहीत. मी "लाभ" म्हटलं की दर वर्षी तेच विचारत.

"त्या बुढ्याच्या घरी रास लागली असन का वं यंदा?"

मी पुढची पायली भरायला घेई.