सासूबाईंचं खरं वय

गेल्या महिन्यात आमच्या तंजावरच्या घरात सासऱ्यांची भीमरथ शांती झाली. सत्तरावं वर्ष लागलं की इथे ती करतात. मंडपात सासू-सासऱ्यांचं पुन्हा एकदा लग्न लागलं, हार घातले, केळीच्या पानावर जेवणं झाली... सासरे नुसते खुशीत.

सासूबाईंचे मात्र हाल झाले. नवऱ्याच्या पाया पडायला वाकल्या आणि उठताच येईना! मी आणि माझ्या नवऱ्याने दोन्हीकडून धरून उभं केलं. दोन्ही गुडघे बदलायला हवेत असं डॉक्टरांनी कधीच सांगितलंय, पण खर्च झेपणारा नाही. जुनं दुखणं म्हणून विमाही कुणी देईना.

तेवढ्यात कळलं, सत्तरीपुढच्या सगळ्यांना आता सरकारी आरोग्य विमा मिळतो... उत्पन्न बघत नाहीत. सासरे म्हणाले, आपली सत्तरी तर आत्ताच झाली! मग काय, विम्याचं कार्ड काढायच्या शिबिरात आमची वरात. सासूबाईही रिक्षातून सोबत आल्या.

कॉम्प्युटरवरच्या मुलीने सासऱ्यांचं आधार पाहिलं आणि तमिळमध्ये शांतपणे सांगितलं, अय्या, तुम्हाला एकोणसत्तर पूर्ण झालीत. सत्तर पूर्ण लागतात, पुढच्या वर्षी या. सासऱ्यांनी फोनवरचे शांतीचे फोटोसुद्धा दाखवले... पण सत्तरावं लागणं वेगळं आणि सत्तर पूर्ण होणं वेगळं.

सासरे हिरमुसले. माझ्याकडे वळून इथल्या तंजावरी मराठीत म्हणाले, "माझं राहूं दे. गुडघे हिचे गेलेत, आणि हिला तर अजून तीन वरुषं थांबायचं."

सासूबाई थोडा वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग पर्समधून आपलं आधार काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"हें दे तिला. मज सत्तर होऊन गेलें."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांच्याच बोलण्यातून उलगडलं... स्थळ हातचं जाऊ नये म्हणून त्यांच्या वडिलांनी लग्नात वय कमी सांगितलं होतं. घरातले सगळे कागद सासूबाईंच्याच कपाटात, त्यामुळे इतकी वर्षं खपून गेलं. नवऱ्याहून आपण मोठ्या आहोत हे कळू नये म्हणून ही बाई गुडघे धरून गप्प बसली होती. मला त्यांचा रागही आला आणि भरूनही आलं.

सासरे उठून उभे राहिले. माणूस शिस्तीचा, मानापमानाचं फार.

त्यांनी चपला काढल्या आणि सगळ्या रांगेसमोर वाकून बायकोच्या पायांना हात लावला.

"अहो, हें काय, लोक बघतात," सासूबाई पुटपुटल्या.

"मोठ्यांस नमस्कार नको करायस?"

रांगेतली म्हातारी मंडळी पोट धरून हसली. सासूबाई हसता हसता रडायला लागल्या. कार्ड मात्र झालं.

एका गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या आठवड्यात छान पार पडलं. काल त्या वॉकर घेऊन स्वतः स्वयंपाकघरात आल्या आणि डाळीच्या आंबटसारात मीठ कमी आहे म्हणाल्या... इतकं बरं वाटलं!

ही योजना ज्यांनी कुणी आणली त्यांचे मनापासून आभार. आमच्या घरात तिने एका बाईला गुडघाही दिला आणि तिचं खरं वयही. दुसरा गुडघा पोंगलनंतर... तोवर पाया पडायचं काम सासऱ्यांकडे.