जेवणाच्या टेबलावरचा सिनेमा

आमच्या समोरच्या घरातल्या चेकरकाकांचा कशावरच विश्वास नव्हता. उभी हयात त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासली होती. झोपेचं सोंग घेतलेल्याला आधी उठवायचं आणि जो स्वतःहून तिकीट पुढे करतो त्याचं दोनदा बघायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. दूधवाल्यानं "काय काका, बरं आहे ना?" असं विचारलं, तरी हा आज इतका गोड का बोलतोय, या विचारात त्यांची सकाळ जायची. काकू होत्या तोवर "अहो, पुरे आता" म्हणून आवरायच्या. त्या गेल्या आणि आवरणारं कुणी उरलं नाही. घरात ते, मुलगा आणि सून. मुलगा छापखान्यात पुस्तकांची मांडणी करायचा, सून दवाखान्यात एक्स-रे काढायची.

एके दिवशी जेवताना ती दोघं इंग्रजीत बोलायला लागली. काकांचं इंग्रजी 'तिकीट प्लीज' आणि 'गेट डाउन' यांच्या पुढे कधी गेलं नव्हतं.

"कशावर चाललंय एवढं?" त्यांनी विचारलं.

"सिनेमावर, बाबा," मुलगा म्हणाला. "सराव करतोय. हल्ली कामावर इंग्रजीत बोलावं लागतं."

काकांनी मान डोलावली आणि लक्ष ठेवायला सुरुवात केली. घरातला टीव्ही बंद. दोघांपैकी कुणी थिएटरकडे फिरकलेलं नाही. सिनेमाबद्दल बोलणारी माणसं हसतात, हातवारे करतात. ही दोघं ताटात बघून कुजबुजत होती. काकांनी नजर उचलली की आवाज खाली जायचा. मधूनच 'फादर', 'लीव्ह' असे शब्द कानावर पडायचे. आणि एकदा स्पष्ट ऐकू आलं, 'प्लॉट'.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका आमच्याकडे आले. "घर विकून प्लॉट घेतायत," ते दार लावून घेत म्हणाले. "मला टाकणार कुठल्यातरी आश्रमात."

"काका, सरळ विचारा ना त्यांना," मी म्हणाले.

"विचारल्यावर खरं कोण सांगतं? 'माझ्याकडे तिकीट नाही' असं आपणहून म्हणणारा माणूस बघितलायस कधी तू?"

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तेव्हा 'सिनेमाबद्दल इंग्रजीत बोला' असा वर्ग सुरू झाला होता. काकांनी नाव घातलं. घरी मात्र सांगितलं, की सांधे धरलेत, व्यायामाला जातो.

शिकवायला एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. अंगानं एवढ्याशा, पण आवाज जिन्याखालपर्यंत पोचायचा. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, प्लॉट. "म्हणजे कथानक. गोष्ट कशी घडत जाते ते."

"जमीन नाही?" काकांनी उभं राहून विचारलं.

"जमीनसुद्धा. पण सिनेमात कथानक."

काकांचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. घरी जाऊन त्यांनी मुलाचा शाळेतला शब्दकोश काढला आणि बाई खरं बोलतायत का ते पडताळून पाहिलं.

मग एकेक शब्द गळाला लागत गेला. कास्ट म्हणजे काम करणारी मंडळी. कॅरेक्टर म्हणजे पात्र; तोवर काकांना वाटत होतं, घरात आपल्या चारित्र्याची चर्चा चाललीय. सिनेमा रेंगाळला की 'इट ड्रॅग्ज'. 'द एंडिंग लेट मी डाउन' याचा अर्थ त्यांनी 'शेवटानं मला खाली उतरवलं' असा लावला, तेव्हा बाईंनी 'शेवटानं निराशा केली' अशी दुरुस्ती केली. एकदा बाई म्हणाल्या, सिनेमा फार रंगला की माणूस 'ऑन द एज ऑफ हिज सीट' असतो, म्हणजे खुर्चीच्या अगदी काठावर येतो.

"काठावर बसतो तो विनातिकीट असतो," काका म्हणाले. सगळा वर्ग हसला. काका हसले नाहीत. ते अनुभवाचे बोल होते.

घरी कुणाला तरी एखाद्या सिनेमाबद्दल विचारून या, असं बाईंनी एकदा सांगितलं. काका याचीच वाट बघत होते. जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या त्या सिनेमाचं नाव काय रे?"

मुलानं एक नाव सांगितलं. त्याच क्षणी सुनेनं दुसरंच सांगितलं.

"दोन भाग आहेत, बाबा," सून घाईघाईनं म्हणाली.

काकांनी मान डोलावली. असा सिनेमा जगात कुठेच नव्हता, एवढं आता पक्कं झालं. पण पकडलेल्याला ते लगेच खाली उतरवत नसत. आधी तो निघालाय कुठे ते बघत. आता वाक्यंच्या वाक्यं उलगडू लागली होती. त्या सिनेमातल्या बायकोला हिवाळ्याआधी निघायचंय. मुलाचं काही ठरत नाही. बापाचं पात्र अवघड आहे. 'डिफिकल्ट' हा शब्द काकांच्या फार जिव्हारी लागला. आणि एका दुपारी, घरात कुणी नसताना, त्यांना कपाटात मागे ठेवलेले जाडजूड नवे कोट दिसले.

"दोन आहेत," ते आमच्या स्वयंपाकघरात बसून मला म्हणाले. "दोनच." मी पुढे केलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. बराच वेळ ते एकच इंग्रजी वाक्य ओठांतल्या ओठांत घोळवत राहिले.

त्या संध्याकाळी मुलगा ताटावर मान घालून इंग्रजीत म्हणाला, की शेवट काय होईल कुणास ठाऊक. काका खाकरले.

"एक्स्क्यूज मी. इज इट बेस्ड ऑन अ ट्रू स्टोरी?"

मुलाला पाणी पिता पिता ठसका लागला. सुनेच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"बाबा, तुम्हाला इंग्रजी..."

"प्लॉट कळला. कास्ट कळली. मला कुठल्या थांब्यावर उतरवणार, तेवढं सांगा."

सुनेनं चमचा खाली ठेवला. दूरच्या एका थंड देशातल्या दवाखान्यात तिला काम मिळालं होतं. ती हो म्हणून बसली होती. नवऱ्याचा पाय निघत नव्हता.

"आणि मला आश्रमात?"

"आश्रम कुणी काढला, बाबा?" मुलाचा आवाज चढला. "तुम्हाला सोडून कसं जायचं, यावरच तर रोज भांडतोय आम्ही!"

"मग माझ्यासमोर परक्या भाषेत का? खोलीत बोलायचं."

"खोलीत बोललो की तुम्ही दाराशी येऊन उभे राहता," सून म्हणाली. "फटीतून सावली दिसते. आणि आपल्या भाषेत एक वाक्य बोललं की तुमचे दहा प्रश्न. आमचंच काही ठरलं नव्हतं, तर उत्तरं कुठून आणायची?"

काका हळूच म्हणाले, "पण कोट दोनच आणलेत."

"तुमचं माप घ्यायला आलो असतो, तर तुम्ही काय विचारलं असतं?"

काय विचारलं असतं ते तिघांनाही माहीत होतं. मुलाला आधी हसू आलं, मग त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले.

काका लगेच विरघळले वगैरे नाहीत. पुढे काही दिवस ते घुश्शातच होते; हे सगळं आपल्याला पटवायला रचलेलं असणार, असंही मला सांगून गेले. पण एका सकाळी त्यांनी मुलाला समोर बसवलं. "तू जा तिच्याबरोबर. मात्र माझ्या भल्यासाठी म्हणून काही लपवायचं नाही."

"आणि तुम्ही दाराशी उभं राहायचं नाही."

"बघू," काका म्हणाले.

हिवाळ्याआधी दोघं गेली. काकांनाही बोलावलं होतं, पण एवढं लोखंड हवेत तरंगतं यावर त्यांचा विश्वास नाही. रविवारी मुलाचा फोन येऊन गेला की ते आमच्याकडे येतात आणि विचारतात, "आवाज दमल्यासारखा वाटला. काहीतरी दडवतोय का गं?" मी नाही म्हणते. मग माझ्याकडेही संशयानं बघतात.

वर्ग त्यांनी सोडलेला नाही. बाई हल्ली सगळ्यांना दुपारच्या खेळाला नेतात आणि नंतर वर्गात आणून बोलतं करतात. परवा त्यांनी नायकाबद्दल काकांचं मत विचारलं.

"आय डोन्ट बिलीव्ह हिम," काका म्हणाले.

"व्हाय?"

"टू मच स्माइलिंग."

काकांच्या शेजारी नाक्यावरच्या औषधवाल्याची आई बसते. तिला हे अजिबात पटलं नाही. तिला तो नायक भारी आवडला होता. दोघं जिना उतरेपर्यंत इंग्रजीतून भांडत होती. फाटकापाशी शब्द संपले, तेव्हा काका म्हणाले, "आता आपल्या भाषेत सांगतो, ऐका," आणि दोघं तिथेच उभी राहिली.