चेंबरखालची प्लेट

जीपखाली उताणा पडून मी जेवढा वेळ काढला, तेवढा खोलीवर कधी काढला नाही. खोली आष्टीत होती, डेअरीच्या मागं, एका माणसापुरती. लग्न जमलं नाही, बघता बघता वय निघून गेलं. तेलगावकडच्या घरी भाऊ-भावजयांच्या संसारात आपली अडगळ कशाला, म्हणून मी इकडंच राहिलो. दूध संघाच्या जीपवर डायव्हर होतो. सकाळी रिकामे कॅन टाकायचे, वाड्या-वस्त्यांवर फिरून दूध गोळा करायचं, उन्हं तापायच्या आत केंद्रावर आणून ओतायचं. बोलायला होती ती गाडीच. तिच्याशी मी बोलायचो म्हणजे बहुतेक शिव्याच द्यायचो.

माझ्या रूटवरची शेवटची वस्ती डोंगरावर होती. दसरा झाला की तिथली माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जायची आणि घरांना कुलपं लागायची. एरवी म्हातारी माणसं तरी मागं राहायची, पण त्या दुष्काळाच्या साली लेकांनी त्यांनाही बरोबर नेलं, कारण प्यायला पाणी नव्हतं. वर दोन घरं उघडी राहिली. एका घरात एक म्हातारा होता, त्याची जनावरं आटलेली. दुसऱ्यात एक मावशी, गुडघ्यानं अधू. लेक-सून तोडीवर गेलेले, पण म्हैस नुकती व्यालेली, तिला सोडून ही जाईना. त्या एका म्हशीच्या दुधासाठी संघाची जीप डोंगर चढायची.

निदान संघाला तसं वाटायचं. मी दुधासाठी चढत नव्हतो. मावशी गुळाचा चहा करायची आणि कप हातात देताना विचारायची, ‘‘जेवलास का रं डायवर?’’

‘‘सकाळच्या पारी कोन जेवतंय मावशी?’’

‘‘मंग रातचं सांग. रातचं जेवलतास का?’’

दिवसभरात एवढं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं मला. डेअरीवर फॅट विचारायचे, किती कॅन आले ते विचारायचे. मी जेवलो काय आणि उपाशी झोपलो काय, कुणाचं काय अडलं होतं? तिनं माझं नाव कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण त्या चहासाठी मी सगळा रूट भराभर उरकायचो.

अडचण होती ती वस्तीच्या अलीकडच्या ओढ्यात. ओढा कोरडा ठणठणीत. बैलगाड्यांनी दोन्हीकडच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या आणि मधोमध काळा खडक वर आलेला. चाकं चाकोरीत उतरली की जीपचं पोट खडकावर टेकलंच. पोटाखाली सगळ्यात आधी काय लागतं, तर चेंबर. इंजिनचं तेल त्यात असतं, आणि त्याचा पत्रा केवढा जाड, तर तेलाच्या डब्याला असावा तेवढा. रोज जाताना घासायचं, येताना घासायचं. पहिल्यांदा भेग पडली तेव्हा साबण चोळून ती बुजवली आणि गाडी कशीबशी खाली आणली. दुसऱ्यांदा फुटलं ते तळहाताएवढं फुटलं. सगळं तेल खडकावर सांडलं. आवाज ऐकून मावशी लंगडत ओढ्यापर्यंत आली आणि त्या काळ्या तेलाकडं तोंडावर पदर धरून बघत राहिली. मी तोवर खडकाच्या सात पिढ्या काढत होतो. खालच्या गावचा ट्रॅक्टर आणून गाडी ओढत न्यावी लागली. कॅनमधलं दूध नासलं.

चेअरमन म्हणाले, ‘‘एका म्हशीपायी संघाची गाडी मोडायची काय? आता पुन्हा चेंबर फुटलं की वरचा रूट बंद.’’

त्यांचं चूक नव्हतं. पण रूट बंद म्हणजे वरचा चहा बंद, विचारणारं माणूस बंद. मी म्हणालो, ‘‘गाडी चार दिवस माझ्या ताब्यात द्या साहेब, पुन्हा फुटणार नाही.’’ खालचा रूट तेवढे दिवस टेम्पोनं केला, वर कुणी गेलं नाही.

मिस्त्रीचं गॅरेज स्टँडच्या मागं होतं. तोही माझ्याएवढाच तापट, त्यामुळं आमचं जमायचं. वर्षानुवर्षं भरलेले कॅन वाहून जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांची कमान पार बसली होती. ते उतरवून भट्टीत तापवले, पुन्हा कमान मारून घेतली आणि चारी बाजूंना एकेक पाटा वाढवला. गाडी चांगली वीतभर उचलली. मी खूश. तर मिस्त्री मागं वाकून म्हणतो, ‘‘गोळा बघ की बे.’’

बघितलं, तर मागच्या दोन चाकांच्या मधला एक्सलचा गोळा होता तिथंच, जमिनीलगत. खरंच की! पाट्यांनी बॉडी उचलते, चेंबर उचलतं. गोळा एक्सलवर आणि एक्सल चाकावर, चाक मोठं झालं तरच तो वर येणार. मग संघाच्या शेडमधले एक साईज मोठे टायर शोधून काढले. ते बसवले, तर स्टेअरिंग पुरतं वळवलं की मडगार्डला घासायचे. मी मडगार्डच कापलं. गाडी दिसायला भुताटकी झाली, पण दिसण्यासाठी कोण करत होतं?

राहिली चेंबरखालची प्लेट. पहिली केली साध्या पत्र्याची. गाडी दगडावर घालून बघितली, तर पत्रा दबून थेट चेंबरलाच जाऊन भिडला. म्हणजे चेंबर फोडायचं हत्यार आम्हीच खालून बसवलं होतं! त्यावरून आमचं भांडण झालं आणि मिस्त्रीनं पान्हा फेकला. आमच्या भागात ऊस नाही म्हणून त्या साली इथला साखर कारखाना बंदच होता. त्याच्या भंगारातून एक जाडजूड प्लेट मिळवली. तापवून पुढून वर वळवली, म्हणजे दगड आडवा न लागता घसरून मागं जाईल. चेंबर आणि प्लेटीच्या मध्ये तीन बोटं जागा सोडली. इंजिनला हात न लावता प्लेट गाडीच्या सांगाड्याला, चेसीला आवळली, आणि बोल्टांची डोकी प्लेटीतच बुडवली, नाहीतर दगड आधी त्यांनाच छाटतो. तेल काढायला भोक पाडलं ते मिस्त्रीनं चुकीच्या जागी पाडलं आणि खापर माझ्यावर फोडलं. दुसरं पाडलं.

‘‘कुनासाठी चाललंय बे एवढं?’’ गाडीखालून बाहेर पडलेले माझे पाय बघून तो म्हणाला.

‘‘संघाच्या गाडीसाठी.’’

‘‘संघाची गाडी म्हनं! लगीन कर त्यापेक्षा, लई सोपं हाय.’’

मी खालूनच शिवी दिली. पण खरं सांगतो, ते चार दिवस मी फार आनंदात होतो.

पाचव्या दिवशी ओढ्यावर आलो. पहिला गिअर टाकला आणि चाकं चाकोरीत सोडली. कान पोटाखाली लावून बसलो होतो म्हटलं तरी चालेल. काही नाही! साधं खर्र सुद्धा नाही. पलीकडं चढल्यावर मी गाडी थांबवून उतरलो, खडकाला म्हणालो, ‘‘काय रे? आता?’’ आणि हॉर्न वाजवत वस्तीत शिरलो.

मावशी दारात बसली होती. दाराला कुलूप, शेजारी गाठोडं, गोठा रिकामा.

‘‘म्हस कुठाय?’’

‘‘शेजारच्या म्हाताऱ्यानं काल त्याच्या जनावरांसंगं चाऱ्याच्या छावनीत नेली. मला न्यायला आज दुपारच्याला बैलगाडी घिऊन येतो म्हनलाय. तू कावून आलास? दूध न्हाई आज.’’

मी रिकाम्या गोठ्याकडं बघितलं. मग म्हणालो, ‘‘बैलगाडी कशाला? मी नेतो की.’’ दुसरं काय म्हणणार?

ती काठी टेकत गाडीपाशी आली. पाय उचलला. पाय पायरीपर्यंत जाईना. दुसरा उचलून बघितला. गुडघा कळवळला असावा, कारण ती तशीच दांडा धरून उभी राहिली.

‘‘बया! एवढी उंच कावून केलीस रं?’’

‘‘तुमच्यापतुर यायला.’’

‘‘आन् मलाच चढंना.’’ ती हसली. मला हसू आलं नाही. मी गाडी मागं घेऊन बांधाला लावली. बांधावरून ती सीटवर सरकली आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसली.

ओढा आला तसे तिनं डोळे मिटले आणि समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ ती तशीच बसून होती.

‘‘आला का खडक?’’

‘‘मागं गेला.’’

‘‘घासलं न्हाई?’’

‘‘न्हाई.’’

घाट उतरेपर्यंत तिनं दांडा सोडला नाही. मग म्हणाली, ‘‘कडबा हुता अजून थोडा. म्हस ऱ्हायली असती. पर रोज तुझी गाडी त्या खडकावर घासायची ते मला घरात ऐकू यायचं. त्या दिशी तेवढं तेल सांडलं, तवा ठरवलं. माझ्या एका म्हशीपायी ह्या बिचाऱ्याला किती तरास. तू शिव्या द्यायचास, त्या बी ऐकू यायच्या.’’

मी ब्रेक मारला. कॅन एकमेकांवर आदळले.

‘‘शिव्या खडकाला होत्या मावशी!’’ मी केवढ्यानं तरी ओरडलो. ‘‘तुमाला कोनी सांगितलं तरास होतो म्हनून? मला यायचं असायचं! दूध असू दे नसू दे, मला वर यायचं असायचं!’’

ती दचकून माझ्याकडं बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून हळूच म्हणाली, ‘‘मंग सांगायचं न्हाई व्हय आधी?’’

माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी समोर बघत गाडी चालू केली. छावणीत गेल्यावर ती माणसांत जाणार होती, तिथलं दूध दुसऱ्या जीपला जाणार होतं आणि उद्यापासून माझा रूट खालच्या गावातच संपणार होता. मला तिला उतरवायचंच नव्हतं. तिथून पुढं रस्ता डांबरी होता, चांगला सरळ होता, तरी छावणीच्या दारापर्यंत मी दुसरा गिअर टाकला नाही.