साडेसातची पोच

सुनंदाताईंनी चौतीस वर्षं दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या डिस्पॅच विभागात काढली. कागद गेला की त्याची पोच आलीच पाहिजे, ही सवय त्या नोकरीतून घरी घेऊन आल्या. निवृत्तीनंतर ती त्यांनी नोएडातल्या मराठी मंडळाच्या बारा एकट्या म्हाताऱ्यांना लावली. सकाळी आठच्या आत प्रत्येकाने ताईंना मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंग आणि कट. ताईंनी उचलायचा नाही, फक्त वहीत त्या नावापुढे खूण करून वेळ लिहायची. रिंग आली म्हणजे माणूस ठीक.

सगळ्यांत जास्त छळलं श्यामकांतरावांनी. पहाडगंजच्या मराठी शाळेत जन्मभर गणित शिकवलेला माणूस, पण फोन कधी पावणेसातला, कधी आठ वाजून गेल्यावर, कधी नाहीच. मग ताई बंगळुरूला त्यांच्या मुलाला, अविनाशला, झोपेतून उठवायच्या. दिवाळीपासून मात्र मास्तर सुधारले. रोज बरोबर साडेसात. ताईंनी चारचौघांत कौतुक केलं तेव्हा ते जरा गोंधळल्यासारखे हसले.

चौदा जानेवारीला मंडळाची बस काला अंबला निघायच्या तयारीत मास्तरांच्या सोसायटीबाहेर उभी होती. पानिपतच्या त्या स्मारकाला मास्तर दरवर्षी यायचे, ड्रायव्हरमागची खिडकी त्यांचीच. त्या दिवशी ती रिकामी होती. बाहेर धुकं इतकं, की सोसायटीचं फाटकही दिसत नव्हतं. ताईंनी वही उघडली. साडेसातची रिंग आली होती, खूणही केलेली होती.

सेक्रेटरी विश्वासराव म्हणाले, "वहिनी, पोच आली ना? मग झालं. अब्दाली आला तरी ते आज रजई सोडायचे नाहीत."

बस हसली. ताईही हसल्या. नियम त्यांचाच होता. पण त्यांची नजर खुणांच्या ओळीवरून मागे गेली. काल साडेसात, परवा साडेसात. अडीच महिने एकदाही सात एकोणतीस नाही. इतकी शिस्त त्या माणसाला कुठून आली?

त्यांनी स्वतःचाच नियम मोडून मास्तरांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. विश्वासराव म्हणाले, आंघोळीला गेले असतील, उशीर होतोय. ताई बसमधून उतरल्या.

मास्तरांच्या दाराच्या कडीला दुधाची कापडी पिशवी लटकत होती. पिशवीत पाकिटं दोन होती. दोन वर्तमानपत्रं पायपुसण्यावर पडलेली. ताईंनी बेल दाबली, मग फोन लावला. आत, दाराच्या अगदी जवळ, फोन वाजू लागला. थांबला. ताईंनी दाराला कान लावला.

ठक, ठक.

फरशीवर काहीतरी आपटल्याचा आवाज. मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने पुन्हा दोन.

"शंकर," त्यांनी चौकीदाराला खाली हाक मारली, "ताला तोड़ना पड़ेगा. जल्दी."

मास्तर न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडले होते, परवा रात्रीपासून. कंबर मोडलेली, अंग बर्फासारखं, हातात पितळी तांब्या. चार्जिंगला लावलेला फोन त्यांच्यापासून सात-आठ हातांवर होता. शांत घरात तो दोन सकाळी ताईंना रिंग देताना त्यांनी ऐकला होता. शुद्ध हरपण्याआधी ॲम्ब्युलन्समध्ये ते एवढंच म्हणाले, "तुम्ही खूण केली असेल."

अविनाश संध्याकाळच्या विमानाने आला. आयसीयूबाहेर तो ताईंकडे बघत नव्हता. "काकू, दिवाळीत मीच बाबांच्या फोनमध्ये ते सेट केलं. रोज साडेसातला तुम्हाला कॉल आपोआप लागायचा आणि कट व्हायचा. बाबांना सांगितलंसुद्धा नाही. ते विसरायचे, तुम्ही मला फोन करायचात… मला वाटलं, सगळ्यांचाच त्रास वाचेल."

ताईंना त्याचा राग आला, पण त्यांनी आधी वही उघडली. वहीतल्या खुणा त्यांच्या हातच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वही घेऊन बसल्या. मास्तर अजून शुद्धीवर नव्हते. साडेसातला ताईंचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, श्यामकांतराव. दोन रिंग आणि कट. नवं कुलूप लावलेल्या घरात तो फोन अजून चार्जिंगलाच होता.

बाकीच्या अकरा जणांचेही कॉल आठच्या आत आले. ताईंनी एकाही नावापुढे खूण केली नाही. पहिला नंबर लावला आणि पलीकडून माणसाचा आवाज येईपर्यंत फोन कानाला धरून ठेवला.