पंख्यावरचं नाव

आनंदीबाई सकपाळांच्या परळच्या चाळीत कुणी बुद्धविहाराला घड्याळ दिलं तरी त्यावर देणाऱ्याचं नाव रंगवून घेत. त्यांना त्यात कधी गैर वाटलं नाही. त्या वीरेंद्रसाहेबांच्या संस्थेचं पाळणाघर सांभाळत. धुणीभांडी करणाऱ्या बायका सकाळी पोरं सोडून जात आणि त्यांचं हगणंमुतणं, भरवणं, थोपटून झोपवणं आनंदीबाई करत. साहेब गिरगावातल्या एसी ऑफिसात बसून त्यालाच ‘बालसक्षमीकरण’ म्हणत. गोरे पाहुणे असले की खादीचा कुडता चढवून येत आणि नेमकं शेंबडं पोर हेरून कडेवर घेत. फोटो निघाला की पोर परत आनंदीबाईंकडे आणि साहेबांचा हात रुमालाकडे.

चाळीतला हर्षवर्धन लंडनला जाऊन तिथलाच नागरिक झाला होता. सुट्टीत आला, घामाघूम पोरं बघितली आणि त्याने पंख्यांसाठी रोख पैसे साहेबांच्या हातात दिले. पंखे बसले तेव्हा साहेबांनी फीत कापली, भाषण ठोकलं. आनंदीबाईंनी चाळीच्या रीतीने पात्यांवर रंगवून घेतलं, ‘हर्षवर्धन मोरे, लंडन’.

पुढे परदेशी देणग्यांच्या परवान्याचं नूतनीकरण आलं आणि तपासणीला अधिकारी आला. एका पोराला ताप होता म्हणून पंखे बंद होते. अधिकाऱ्याने वर पाहिलं, नाव वाचलं आणि हा कुठला नागरिक, पैसे कसे दिले ते विचारून घेतलं. परदेशी नागरिकाचा पैसा, मग तो चाळीत वाढलेला का असेना, ठरलेल्या बँक खात्यातूनच यायला हवा होता. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं, पण क्षणभरच.

“ह्या बाईंनी परस्पर पैसे घेतले,” ते म्हणाले. “शिक्षण नाही. नियम काय कळणार यांना?”

अधिकाऱ्याचा फोन वाजला. तो जरा बाजूला वळताच साहेब आनंदीबाईंच्या कानाशी लागले. नाही म्हणालात तर पाळणाघर गेलंच समजा, म्हणाले. इतका शिकलेला माणूस, आणि झोपलेल्या पोरांच्या आड लपत होता. आनंदीबाईंना त्याची किळस आली. तरी अधिकाऱ्याने विचारल्यावर त्या म्हणाल्या, “हो, मीच घेतले.”

अधिकाऱ्याने समज दिली, परवाना शाबूत राहिला. त्यानंतर संस्थेने आधी कशाला टाळं लावलं असेल तर पाळणाघराला. तिथली बाई भरवशाची नाही, असं कारण साहेबांनी निर्लज्जपणे सांगितलं. ऑफिसचा एसी मात्र चालूच राहिला.

आया पोरं घेऊन आनंदीबाईंच्या खोलीवर येऊ लागल्या. एक दिवस साहेब तिथेही उगवले, कुडता घालून, काखेत संस्थेचा फलक. खाली गाडीत गोरे पाहुणे बसले होते. तासभर फलक लावू, ही पोरं आपलीच म्हणून दाखवू, एवढं करा, असं ते लाडीगोडीने म्हणाले.

आनंदीबाई एका पोराला भात भरवत होत्या. त्यांनी मान वर केली.

“आणा की वर. मी हर्षवर्धनला फोन लावते. पैसे कुणाच्या हातात दिले ते तो त्यांना त्यांच्या भाषेत सांगेल.”

साहेब फलक घेऊन जिना उतरले.